भाळावरचा चंद्र

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे गाव गणेशभक्तांना भालचंद्राचे स्थान म्हणून परिचित आहे. गणपतीच्या रूपावर चंद्र हसला, गणपतीने त्याला शाप दिला, चंद्राला पश्चात्ताप झाला, त्याने तप केले आणि प्रसन्न झालेल्या गजाननाने त्याच चंद्राला आपल्या भाळावर धारण केले, ही पुराणकथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. लिंबागणेशचे माहात्म्य या कथेशी जोडलेले आहे. आजी नातवंडांना ही कथा सांगते ती बहुधा ‘कुणाच्या व्यंगावर हसू नये’ एवढ्या उपदेशासाठी. पण कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. जो हसला त्याला गणपतीने कायमचे हद्दपार केले नाही. त्याच्यातील उपहास गळून पडताच त्याला मस्तकावर स्थान दिले.

टीका आणि उपहास यांतील हा भेद आजच्या सार्वजनिक जीवनात पुसट होत चालला आहे. एकीकडे श्रद्धास्थानांची टवाळी म्हणजेच विचारस्वातंत्र्य असे मानणारा एक वर्ग आहे. दुसरीकडे कोणतीही टीका म्हणजे टवाळीच, असे समजून पुस्तक न वाचताच हाती दगड घेणारा दुसरा वर्ग आहे. विचारस्वातंत्र्य ही पाश्चात्त्यांनी दिलेली देणगी असून हिंदू समाजाला ती मुळात मानवणारी नाही, या एका समजुतीवर हे दोन्ही वर्ग नकळत एकत्र येतात. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी एकोणिसाव्या शतकात डोकावणे आवश्यक आहे.

मिलचे स्वातंत्र्य आणि त्याची सीमा

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. एखादे मत दडपले आणि ते खरे निघाले, तर समाज सत्याला मुकतो. ते अंशतः खरे असले, तर प्रचलित मतातील उणीव भरून काढण्याची संधी जाते. आणि ते सर्वस्वी खोटे असले तरीही तोटा समाजाचाच होतो. कारण ज्या सत्याला कोणी आव्हान देत नाही ते सत्य हळूहळू पाठांतरापुरते उरते, त्यातील प्राण निघून जातो. मिलला राजसत्तेच्या दडपणापेक्षा बहुमताच्या आणि रूढीच्या दडपणाची भीती अधिक वाटत होती. राजाचा शिपाई दारापर्यंत येतो, समाजाचा धाक मात्र माजघरापर्यंत पोहोचतो, हे त्याने ओळखले होते.

स्वातंत्र्याला त्याने मर्यादाही घातली. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वृत्तपत्रात छापण्यास त्याची हरकत नव्हती. पण व्यापाऱ्याच्या दारासमोर खवळलेला जमाव उभा असताना तेच वाक्य ओरडून सांगणे दंडनीय ठरू शकते, असे त्याने स्पष्ट म्हटले. मताला मोकळीक, चिथावणीला नाही, ही त्याची रेषा आजही उपयोगाची आहे.

परंतु याच ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात आणखी एक रेषा आहे. हे तत्त्व केवळ प्रगल्भ समाजांना लागू होते, मागासलेल्या समाजांना नव्हे. अशांच्या बाबतीत त्यांच्या सुधारणेचा हेतू असेल तर एकतंत्री सत्ताही योग्यच ठरते, असे मिलने लिहिले. हे लिहिणारा गृहस्थ वयाच्या सतराव्या वर्षी, १८२३ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस लागला होता आणि १८५८ साली कंपनीचे राज्य संपेपर्यंत तेथेच होता. त्याचे वडील जेम्स मिल यांनी १८१७ साली हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, तो या देशात पाऊल न टाकता आणि येथील एकही भाषा न शिकता. उलट न येण्यामुळेच आपला निर्णय निःपक्षपाती राहिला, असा त्यांचा दावा होता. ज्या १८५९ साली लंडनमध्ये स्वातंत्र्याचा हा ग्रंथ छापला गेला, त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात शिवपुरी येथे तात्या टोपे यांना फाशी देण्यात आले. एकाच साम्राज्याच्या या दोन कृती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

टीकाकाराचा कायदा

मिलला त्याच्या मायदेशातच एक प्रखर टीकाकार भेटला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे १८६९ ते १८७२ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद होते. स्वदेशी परतल्यावर, १८७३ साली, त्यांनी मिलच्या मतांचे खंडन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. समाज केवळ चर्चेवर चालत नाही, त्याच्या मुळाशी दंडशक्ती असते, हे त्याचे सार. हिंदुस्थानातील राज्यकारभाराचा अनुभव त्यामागे होता.

हा वाद विलायतेत पुस्तकांपुरता राहिला, हिंदुस्थानात मात्र तो कलमात उतरला. स्टीफन यांच्याच कारकिर्दीत, १८७० साली, भारतीय दंडविधानात राजद्रोहाचे कलम १२४ अ घालण्यात आले. १८९७ साली याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि १९०८ साली सहा वर्षांची. म्हणजे इंग्लंडातील विद्यार्थ्याने मिल वाचावा आणि हिंदुस्थानातील संपादकाने स्टीफन भोगावा, अशी ही वाटणी होती.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी काय केले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. ‘गीतारहस्य’ तेथे लिहून झाले आणि १९१५ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथात कर्मयोगाच्या विवेचनाबरोबर हॉब्ज, बेंथॅम, मिल, स्पेन्सर, सिज्विक, कांट आणि ग्रीन यांच्या मतांचा परामर्श आहे. ज्या साम्राज्याने आपल्याला कोठडीत टाकले त्याच्या तत्त्वज्ञांचा टिळकांनी कोठेही उपहास केला नाही. पुष्कळांचे पुष्कळ सुख हे सूत्र कोठपर्यंत चालते आणि कोठे अडते, सुखाची बेरीज करता येत असली तरी कर्त्याच्या बुद्धीची शुद्धता त्या बेरजेत का येत नाही, याची त्यांनी पायरीपायरीने चिकित्सा केली. ग्रीनसारख्या तत्त्वज्ञाच्या विवेचनात वेदान्ताशी जुळणारे जे आढळले, ते मोकळेपणाने मान्यही केले.

ही पद्धत टिळकांनी विलायतेहून आणलेली नव्हती. आपल्या शास्त्रग्रंथांत प्रथम पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही प्रतिपक्षाला स्वतःला मान्य होईल इतक्या ताकदीने, आणि मग उत्तरपक्ष सांगून सिद्धान्तास यावयाचे, हा दंडक आहे. चार्वाकाचा एकही समग्र मूळ ग्रंथ आज सहजी हाती लागत नाही. त्याची मते मुख्यतः कळतात ती माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, त्याचे खंडन करणाऱ्यांच्याच ग्रंथांतून. विरोधी मत पुसून टाकण्याऐवजी नोंदवून खोडून काढण्याची ही शिस्त मिलच्या कित्येक शतके आधीची आहे. मिलने जे हक्क म्हणून मागितले, ते येथील पंडिताचे कर्तव्य होते. अर्थात ते कर्तव्य पाठशाळेच्या उंबरठ्याच्या आत किती आणि बाहेर किती पाळले गेले, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळूनही चालणार नाही.

दोन प्रश्न

मिलच्या आयुष्यातील एक प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांना विशेष उद्बोधक आहे. वडिलांनी लहानपणापासून त्याला कठोर तर्काच्या मुशीत घडविले. १८२६ साली, ऐन विशीत, त्याला एकाएकी सारे निरर्थक वाटू लागले. विश्लेषणाच्या सवयीने भावनेचा झरा आटला होता. त्या अवस्थेतून बाहेर येण्यास त्याला वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचे साहाय्य झाले, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे १८३८ साली बेंथॅमवर आणि १८४० साली कवी व समीक्षक कोलरिज याच्यावर त्याने दोन निबंध लिहिले. त्यांतील त्याचे निरीक्षण असे की, जुन्या मतासमोर उभा राहून बेंथॅम विचारतो, ‘हे खरे आहे काय?’ आणि कोलरिज विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ पहिला बाहेरून पाहतो, दुसरा आत शिरून. मिलच्या मते शतकाला दोघांचीही आवश्यकता होती.

महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाची किल्ली या दोन प्रश्नांत आहे. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. इंग्रजी विद्येने दिपलेला तरुण आपली भाषा, आपला इतिहास आणि आपली कविता यांना तुच्छ लेखू लागला होता. विष्णुशास्त्र्यांनी त्याला थांबवून दुसरा प्रश्न विचारला: टाकून देण्यापूर्वी याचा अर्थ तरी तुला कळला आहे काय? मोरोपंतांच्या कवितेचे त्यांनी केलेले विस्तृत विवेचन, इतिहासावरील निबंध, ग्रंथपरीक्षणाचा त्यांनी घालून दिलेला पायंडा, हे सारे त्याच प्रश्नातून आले. विशेष म्हणजे त्यांनी इंग्रजी साहित्याशी वैर धरले नाही. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या शैलीचे ते चाहते होते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढून त्यांनी इंग्रजी विद्येलाच स्वदेशसेवेस जुंपले. बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध पुढे इंग्रज सरकारला इतका झोंबला की तो जप्त करण्यात आला.

पहिला प्रश्न विचारण्याचे काम गोपाळ गणेश आगरकरांनी केले. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे गुरू. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर त्यांनी केले, ‘केसरी’चे संपादन केले, मतभेद होताच तो सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, संमतिवय, सोवळेओवळे, कशाचीही भीड न धरता ते विचारीत राहिले: हे खरे आहे काय, न्याय्य आहे काय? त्याची किंमत त्यांनी राजसत्तेच्या हातून फारशी चुकविली नाही. त्यांना खरी शिक्षा दिली ती स्वसमाजाने. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. मिलला ज्या सामाजिक जुलमाची भीती वाटत होती, त्याचे याहून ठसठशीत उदाहरण मिलच्या ग्रंथातही सापडणार नाही. चाळिशी गाठण्यापूर्वीच, १८९५ साली, आगरकर गेले. ज्या टिळकांशी त्यांचा उभा दावा होता, त्यांनीच ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख लिहिला. मतभेद टोकाला गेले तरी मनुष्याचे मोल न विसरण्याची ही मराठी रीत होती.

येथे एक अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. विष्णुशास्त्र्यांची लेखणी अजोड होती, पण ती प्रत्येक वेळी टीकेच्या पायरीवर राहिली नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी भाषेच्या आणि व्याकरणाच्या दोषांवर यथेच्छ हसून घेतले. ‘गुलामगिरी’त जे दुःख मांडले होते, त्याला मात्र त्या हसण्यात उत्तर नव्हते. शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला आलेल्या अपमानाचा ‘अर्थ काय’, हा प्रश्न विष्णुशास्त्र्यांसारख्या समर्थ समीक्षकाने त्या वेळी विचारला असता, तर महाराष्ट्रातील दोन प्रवाह इतके दूर गेले नसते. चंद्राचे हसू विद्वानालाही चुकत नाही. म्हणूनच ती कथा विद्वानांनीही ऐकावयाची आहे.

हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारण्याचे धैर्य पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दाखविले. हिंदुत्वाचा अर्थ सांगणाऱ्या सावरकरांनीच रत्नागिरीत पोथीनिष्ठेवर आणि अस्पृश्यतेवर आसूड ओढले आणि १९३१ साली सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. परंपरेचा अभिमान आणि परंपरेची चिकित्सा यांत वैर नाही, हे त्यांनी आचरणाने दाखवून दिले.

जेथे दोन्ही प्रश्नांना बंदी होती

पुण्यामुंबईत मिलवर वाद रंगत होते, त्या काळात लिंबागणेशसारखी गावे कोठे होती? ती निजामाच्या राज्यात होती. इंग्रजांचा ‘विश्वासू मित्र’ म्हणून मिरविणाऱ्या त्या संस्थानात मराठी मुलाला मातृभाषेतून उच्च शिक्षण नव्हते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकमाने सार्वजनिक सभा परवानगीच्या बेडीत अडकविल्या होत्या. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गाणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. त्याच वर्षी सुरू झालेल्या सत्याग्रहात आर्य समाज, हिंदू महासभा आणि स्टेट काँग्रेस यांचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्यांच्या मागण्यांत धर्माचरणाचे आणि नागरी स्वातंत्र्याचे हक्क होते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी विद्यार्थी घडविले आणि पुढे मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले. उर्वरित देश स्वतंत्र झाल्यावरही मराठवाड्याला तेरा महिने वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी येथे स्वातंत्र्य आले.

हा इतिहास विसरता कामा नये. विचारस्वातंत्र्य मराठवाड्याला मिलने दिले नाही, इंग्रजांनीही दिले नाही. ते येथील शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि शेतकऱ्यांनी कारावास पत्करून आणि रक्त सांडून मिळविले. जे मोल देऊन घेतले, ते उसने म्हणता येत नाही.

स्वतंत्र भारतातही त्याचे मोल पुन्हा द्यावे लागले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लादली गेली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली, ४ जुलै रोजी संघावर बंदी आली आणि हजारो कार्यकर्ते गजाआड गेले. त्याच वर्षी कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला. लोकसंस्कृतीच्या आणि साहित्याच्या या साक्षेपी अभ्यासिकेला पुढे अटक झाली. दुर्गाबाई काही संघाच्या विचारांच्या नव्हत्या. तरीही त्या दिवसांत कारावासातील स्वयंसेवकाला त्या आपल्या वाटल्या. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य आपल्याही स्वातंत्र्याची हमी असते, हा धडा त्या पिढीने पुस्तकातून घेतला नव्हता, तो कोठडीत घेतला होता.

उत्तर कशाने द्यावयाचे?

या पार्श्वभूमीवर ५ जानेवारी २००४ हा दिवस लाजिरवाणा ठरतो. शिवछत्रपतींविषयीच्या एका परदेशी लेखकाच्या ग्रंथातील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त करून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची नासधूस झाली. मजकूर निषेधार्हच होता, त्याविषयी दुमत नाही. पण ज्या वास्तूवर हात पडला तेथे काय झाले होते, हे त्या हातांना ठाऊक नसावे. १९१९ ते १९६६ या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. काश्मीरपासून केरळपर्यंतची हस्तलिखिते जमवून, श्लोकाश्लोकाचे पाठभेद तपासून, मूळ पाठ कोणता आणि मागाहून भर कोणती याचा निर्णय विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या पंडितांनी केला. साक्षात पाचव्या वेदाची अशी चिकित्सा झाली, तरी एकाही भाविकाची श्रद्धा ढळली नाही. चिकित्सेने धर्म दुबळा होतो असे मानणाऱ्यांना आणि हिंदूंना चिकित्सा सहन होत नाही असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे एकच उत्तर पुरेसे आहे.

ग्रंथाला ग्रंथाने उत्तर द्यावयाचे तर ग्रंथ वाचावा लागतो, साधने धुंडाळावी लागतात, वर्षे खर्ची घालावी लागतात. दगड क्षणात फेकता येतो, पण त्याने एकही विधान खोडले जात नाही. उलट नगण्य पुस्तकाला नसलेली प्रसिद्धी मिळते. कायद्याचा मार्ग आहेच. धान्याच्या व्यापाऱ्याच्या दारासमोरची चिथावणी आणि छापील मत यांतील रेषा न्यायालयाने आखावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द उरला नाही. देशाची एकता आणि सार्वभौमत्व यांच्या रक्षणासाठी निराळे कलम आले. स्टीफनच्या काळातील शब्द गेला हे योग्यच झाले. त्याच्या काळातील वृत्तीही जावी आणि नवे कलम देशविघातकांविरुद्धच वापरले जावे, सरकारवरील टीकेविरुद्ध नव्हे, हे पाहण्याची जबाबदारी टिळकांचे नाव घेणाऱ्या प्रत्येकावर आहे.

त्याहून मोठी जबाबदारी घरात आणि शाखेच्या बौद्धिकात आहे. मुलाने ‘हे खरे आहे काय?’ असे विचारले तर त्याला उद्धट ठरवू नये. त्याला सोबत घेऊन ‘याचा अर्थ काय?’ हा दुसरा प्रश्नही विचारावा. आगरकर आणि चिपळूणकर एकाच कपाटात शेजारी असावेत. विरोधकाचे पुस्तक प्रथम वाचावे, त्याचा पूर्वपक्ष त्याला मान्य होईल असा मांडता येतो का ते पाहावे, आणि मगच लेखणी उचलावी. जे कार्यकर्ते एवढे कष्ट घेतील, त्यांना दगडाची गरज भासणार नाही.

भालचंद्राच्या कथेला आपल्या आचारधर्माने आणखी एक पुस्ती जोडली आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिल्यास खोटा आळ येतो, असे सांगतात. वर्षातील हा एक दिवस सोडला, तर दर महिन्याच्या संकष्टीला लिंबागणेशपासून मुंबईपर्यंत लक्षावधी घरे रात्री अंगणात, गच्चीवर, खिडकीशी चंद्रोदयाची वाट पाहत असतात. जो एकदा गणपतीला हसला होता, त्याच्याच दर्शनावाचून गणपतीचा उपवास सुटत नाही.